डाव्या बाजूची जागा

"ही रिक्षा एमआयडीसीत जाते ना?"

"सव्वादहा," दैवशाला म्हणाली.

विचारणारा तरुण अर्धा रिक्षात, अर्धा बाहेर असा थांबला. त्याच्या केसांवरून पावसाचं पाणी निथळत होतं आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं. तिच्या शेजारी बसत तो म्हणाला, "बरं... आणि सव्वादहाला कुठं जाते?"

हे मात्र तिला ऐकू आलं, कारण तो तिच्याकडे तोंड करून बोलला होता. तिचे कान लाल झाले. "एमआयडीसीतच जाते," ती पुटपुटली आणि ओढणी सारखी करायच्या निमित्तानं बाहेर बघायला लागली.

जालना स्टेशनासमोरून ती रोज शेअर रिक्षा पकडायची आणि रोज उजव्या कोपऱ्यात बसायची. आज त्या कोपऱ्यात एक बाई भाजीचं टोपलं घेऊन बसली होती, म्हणून तिला डाव्या कोपऱ्यात बसावं लागलं, मधली जागा तिच्या उजव्या कानाशी आली, आणि घात झाला; त्यानं वेळच विचारली, असं तिला वाटलं. उजव्या कानानं तिला कमी ऐकू येत होतं. किती कमी, हे तिनं स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. पोळ्याच्या आधीपासून त्या कानात एक बारीक शिट्टी बसली होती, आणि बसली ती बसलीच. ही गोष्ट जगात कुणालाही ठाऊक नव्हती. ठाऊक होऊन चालणारच नव्हतं.

अर्ध्या तासानं ती ऑफिसात टेबल पुसत होती, तेव्हा तोच तरुण दारात उभा राहिला. शेजारी ऑफिसचे मॅनेजर रामरावसाहेब.

"हे वरद सर!" रामराव ओरडले. "बदनापूरचे! पीएचडी करून राह्यलेत! आपल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची अट हाय, ऑफिसातल्या लोकांचं समाधान तपासायचं! समाधान हाय ना?"

"हाय साहेब!" सातजण एका सुरात ओरडले.

ओरडण्यात राग नव्हता. तिथं सगळेच ओरडत. ही मिल लोखंडी सळया तयार करणारी, आणि माल पाठवण्याचं ऑफिस म्हणजे मिलच्या शेडमध्येच खांबांवर उभारलेली पत्र्याची खोली. खाली लाल सळया रुळांवरून सुसाट धावत, कापल्या जात, ढिगावर आदळत. एक खिडकी होती, ती शेडमध्ये उघडणारी. दैवशालाचं टेबल नेमकं त्या खिडकीला लागून, उजवा कान तिच्याकडे. खिडकी बंद असली तरी तासाभरात कीबोर्डवर काळी पूड साचायची. बायकांना बाथरूमला जायचं तर अख्खं शेड ओलांडावं लागे, म्हणून तिच्या शेजारच्या बेबीनंदाताई दिवसभर पाणीच पीत नसत.

वरदनं कागद वाटले. अठ्ठावीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. दैवशालानं दोन मिनिटांत सगळीकडे पाचावर खूण केली आणि कागद परत दिला. दुसरं काय करणार? गावाकडं, आष्टीला, घरी तिनं सांगून ठेवलं होतं, ऑफिस फर्स्टक्लास हाय, एसी हाय. तिचे वडील पुंजारामबापू यांनी शब्द दिला होता, नोकरी बराबर चाललीय तोवर सोयरिकीचं नाव काढणार नाही. नोकरी गेली, की दुसऱ्या दिवशी पाहुणे ओसरीवर. मुलगी बघायला. आणि पाहुण्यांनी काही विचारलं आणि तिला ऐकूच आलं नाही तर... पुढचा विचार ती करायची नाही.

दुपारी तो कागद घेऊन वरद तिच्या टेबलाशी आला. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे त्यानं कागद पुढं सरकवून नुसतं बोट ठेवलं. अकरावा प्रश्न. *इथल्या त्रासामुळं काम सोडून जावंसं वाटतं.* त्यालाही पाच.

"म्हणजे तुम्ही पूर्ण समाधानी आहात," तो वाकून म्हणाला, "आणि पूर्णपणे पळून जायच्या तयारीतही आहात."

"घाईत झालं! खोडून देते!"

"खोडू नका ना. सकाळपासून सात कागद वाचले. तेवढंच एक खरं सापडलंय मला."

तिनं कागद झटकन ओढून घेतला. तरीही ओठाचा एक कोपरा, तिचं न ऐकता, वर गेलाच. ते झाकायला ती म्हणाली, "हातात काय हाय? मोबाइल?"

"आवाज मोजायचं यंत्र."

"किती भरला आमचा?"

"चौऱ्याण्णव."

"शंभरपैकी? मंग फर्स्टक्लासमध्येच आलो की आम्ही!"

तो मनापासून हसला. मग हसू हळूहळू विझलं. "नव्वदच्या वर आठ तासांपेक्षा जास्त बसू नये माणसानं. तसा नियम आहे. तुम्ही किती तास बसता?"

"साडेनऊ," ती म्हणाली. आणि का कोण जाणे, उजव्या कानावरची बट तिनं पुढं ओढून घेतली.

वरद रोज येऊ लागला. कुठं उजेड किती, धूळ किती, उष्मा किती, लोक दिवसातून किती वेळा उठतात, सगळं लिहून घ्यायचा. त्या ऑफिसात हळू बोलायची सोयच नव्हती, म्हणून तो तिला चिठ्ठ्या सरकवायचा.

*आज डब्यात काय?*

*हा प्रश्न क्रमांक २९ का?* तिनं खाली लिहिलं.

*नाही. हा संशोधकाचा खासगी प्रश्न.*

*भाकर आन शेंगदाण्याची चटणी. गुण पाच. ह्या वेळी खरे.*

चिठ्ठी परत देताना बोटं बोटांना लागली, आणि दोघांनीही एकदम खिडकीकडे बघितलं, जणू शेडमध्ये आज काहीतरी फारच नवीन घडत होतं.

चार वाजता सगळे गेटबाहेरच्या टपरीवर चहाला जात. तिथं आवाज अर्धा होई. पावसाची भुरभुर असली की टपरीच्या ताडपत्रीखाली माणसं दाटीनं बसत. दैवशालाला वस्तूंना बोलतं करायची खोड होती. पंखा झोपेत चालून राह्यला, म्हणायची. प्रिंटर आज उपाशी हाय. बेबीनंदाताई म्हणत, "हिच्या तोंडून टेबलाला पण जीव येतो." वरद ऐकत बसायचा आणि चहा गार व्हायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं... तो नेहमी तिच्या डाव्या बाजूलाच बसतो. उजवीकडे बाक रिकामं असलं तरी फिरून डावीकडे येतो. रस्त्यानं चालताना मागून वळसा घालतो. तिनं हातातला ग्लास बाकावर ठेवला.

"तुम्ही सारखं ह्याच बाजूला का बसता?"

"इकडे सावली असते."

"सर, आभाळ आलंय. सगळीकडंच सावली हाय."

तो बशीतला चहाचा थेंब बोटानं पुसत राहिला. मग, तिच्याकडे न बघता, पण तिला स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या दिवशी रिक्षातच कळलं होतं मला. कुणाला सांगणार नाही."

भीती वाटली तशी आणखी एक गोष्ट वाटली तिला. ती काय होती, हे कळायला पुढं बरेच दिवस लागले. त्या क्षणी तिला एवढंच कळलं, की महिनोन् महिने ज्या दाराला ती पाठ लावून उभी होती, त्या दाराला आता दुसऱ्याही कुणाची पाठ लागलीय.

"सायबाला कळलं तर फोनवरून उठवतील मला," ती म्हणाली. "ट्रकवाल्यांशी बोलायचंच काम हाय माझं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं तर कागद होतो. कागद झाला की खरं होतं."

"ते आताही खरंच आहे, दैवशाला." मॅडम नाही. नुसतं दैवशाला.

त्यानंतरच्या मंगळवारी शेवलीला जायचा सळयांचा ट्रक शेवगावला गेला. फोनवर गिऱ्हाइकानं शेवली सांगितलं होतं, तिनं शेवगाव ऐकलं. शेवली जालन्याच्या पंचक्रोशीत, शेवगाव पार नगर जिल्ह्यात. ट्रक पैठण ओलांडून गेल्यावर चूक कळली. रामराव टेबलापाशी येऊन ओरडले, "कान कुठं ठेवून येता मॅडम? घरी?" सगळे खाली माना घालून हसले. ती पण हसली. हसता हसता तिनं खुर्चीची कड इतकी घट्ट धरली, की बोटं पांढरी पडली.

चहाला ती गेली नाही. वरद वजनकाट्याच्या मागं तिला शोधत आला. पावसानं भिजलेल्या लोखंडाचा वास सुटला होता. तो डावीकडे उभा राहिला, आणि ती पहिल्यांदाच बोलली. सगळं बोलली.

"घरी गेले तरी मिल बंद होत न्हाई. उशीला कान लावला की उशी बोलून राह्यते. बिलकुल गप बसत न्हाई. आन भीती वाटते सर, उद्या आई बोलल आन मला उशीच ऐकू येईल."

खिशातला रुमाल काढून त्यानं तिच्या हातात दिला. तिनं डोळे पुसले, रुमाल परत द्यायला हात पुढं केला... आणि मग परत दिलाच नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी देखभालीसाठी मिल बंद होती. त्याच दिवशी वरदला आपला अहवाल वाचून दाखवायचा होता. सगळं ऑफिस वरच्या खोलीत जमलं, मिलचे मालक शेठजीही आले. खाली शांतता, इतकी की लोकांना आपापले आवाज परके वाटत होते.

वरदनं छान मांडणी केली. माणसाचं समाधान नुसतं पगारात नसतं, हे त्यानं सोप्या भाषेत सांगितलं. खुर्ची, उजेड, पाणी, बाथरूम, आवाज... ह्यातलं एकेक रोज थोडं थोडं कुरतडतं. मग माणूस काम तर करतो, पण मनानं केव्हाच उठून गेलेला असतो. शेठजी मान हलवत होते. शेवटी तो म्हणाला, "एका कर्मचाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देतो. नाव देत नाही." आणि त्यानं वाचलं:

"घरी गेले तरी मिल बंद होत न्हाई. उशीला कान लावला की उशी बोलून राह्यते."

नाव द्यायची गरजच नव्हती. उशीला बोलायला लावणारं त्या खोलीत एकच माणूस होतं. आधी बेबीनंदाताईंनी मान वळवली, मग बाकीच्यांनी. सगळ्यात शेवटी रामरावांनी.

"म्हणजे तो शेवलीचा ट्रक..." ते म्हणाले.

वरदच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला तिनं पाहिला. आपण काय केलं, हे त्याला आत्ता, वाचून झाल्यावर कळलं होतं.

सभा संपल्यावर रामरावांनी तिला सांगितलं, "चार दिवस घरी आराम करा. फोनवर कुणाला बसवायचं ते ठरवून कळवतो." आवाजात दुष्टपणा नव्हता. त्यानंच जास्त लागलं.

जिन्याखाली वरद उभा होता. "दैवशाला, माझी चूक झाली. मी नाव—"

"नाव! माझा आवाजच काढून दिला तुम्ही त्यांना, नाव कशाला पाहिजे?" ती शेवटची पायरी उतरली. "एका माणसाला सांगितलं मी. आयुष्यात एका माणसाला. का वाचलं?"

"ते वाक्य मला सोडवलंच नाही." त्यानं स्वतःची बाजू मांडली नाही. "वर्षभर कागद भरून घेतोय मी. तुमच्या त्या दोन ओळींसारखं एकही वाक्य मला लिहिता आलं नाही. इतकं आवडलं, की कुणाचं आहे तेच विसरलो. त्याला माफी नाही."

"न्हाईच हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

परतूरमार्गे आष्टीला जाणाऱ्या एसटीत ती उजव्या खिडकीशी बसली, कान काचेला लावून. काच थरथरत होती, पण ऐकू काही येत नव्हतं.

घरी कापसाची पहिली वेचणी चालली होती. दोन दिवस ती आईबरोबर, साळूबाईबरोबर, शेतात गेली. रानात एवढी शांतता, की कानातली शिट्टी आभाळाएवढी मोठी झाली. सुट्टी मिळाली, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं. मंगळवारी दुपारी साळूबाईनं कापसाची ओटी सोडली, बांधावर बसली आणि लेकीला हाताला धरून आपल्या उजव्या हाताशी बसवलं, म्हणजे आई लेकीच्या डाव्या कानाशी.

"हिकडून ऐकू येतं ना?"

दैवशाला दगड झाली.

"पोळ्याला आल्ती तवाच कळलं मला. टीव्ही किती मोठ्यानं लावल्ता. मी मागून तीन हाका मारल्या, तू वळली न्हाईस." साळूबाईच्या आवाजात रडू नव्हतं. "वाट बघत व्हते, कधी सांगशील."

"आई, नोकरी जाईल गं माझी. बापू मंग लगेच..."

"बापूचं मी बघते. पर मला एक सांग, तू एकलीच हाय का तिथं? बाकीच्यांचे कान काय लोखंडाचे हायत?"

हा प्रश्न तिनं स्वतःला कधीच विचारला नव्हता. सगळेजण ओरडतात, कारण मिलचा आवाज आहे, असंच ती समजत आली होती. पण शनिवारी तर मिल बंद होती. आणि तरीही... सभेच्या आधी खोलीत सगळे ओरडूनच बोलत होते.

तिनं तिथूनच बेबीनंदाताईंना फोन लावला.

"ताई, एक इचारू? तुम्हाला नीट ऐकू येतं का?"

"काय?" पलीकडून आवाज आला. तिनं पुन्हा, मोठ्यानं विचारलं. मग बेबीनंदाताई, तेरा वर्षं त्या खोलीत काढलेल्या बेबीनंदाताई, रडायलाच लागल्या. "मला फोनवर तुझं अर्धंच कळून राह्यलंय गं. नातू बोबडं बोलतो म्हणून सगळे हसतात, मी पण हसते. काय बोलला ते ठाऊकच नसतं."

रडणं ओसरल्यावर त्यांनीच सांगितलं. वरद सर सोमवारी आल्ते. शेठजींना लेखी देऊन गेले, की मी विश्वासानं सांगितलेली गोष्ट उघड केली, त्या गोष्टीवरून तुम्ही कुणाला कामावरून हलवणं बरोबर नाही, आणि ह्या ऑफिसात गोळा केलेलं सगळं मी माझ्या प्रबंधातून काढून टाकतोय. "प्रबंध वर्षभर लांबला गं पोराचा. तुझ्याबद्दल एक अक्षर इचारलं न्हाई. नुसतं तुझ्या टेबलाकडं बघून गेला."

दैवशाला बांधावर बसून राहिली. राग अजून होता. पण रागाच्या शेजारी, डाव्या बाजूला, कुणीतरी हळूच येऊन बसलं होतं.

बुधवारी ती जालन्याला परतली. सरकारी दवाखान्यात सातहीजणांनी कान तपासून घेतले. दोघे तयार नव्हते, त्यांना ती हात धरून घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसायचं, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तिची पाळी आली तेव्हा उजव्या कानाच्या वेळी ती बटणावर अंगठा ठेवून नुसती वाट बघत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही. डावा मात्र जपता येईल." कागद झाला. खरं झालं. आणि आश्चर्य म्हणजे, जमीन फाटली नाही.

सातांपैकी सहाजणांच्या कानांत दोष निघाला.

सगळ्यांचे कागद घेऊन ती रामरावांच्या टेबलाशी उभी राहिली. बेबीनंदाताई मागं. 

"साहेब, शेवलीचा ट्रक माझ्यामुळं चुकला. मला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. आन हे बाकीचे कागद. खोली हलवा साहेब. माझी नोकरी ठेवा न्हाई तर काढा, पर ह्यांची खोली हलवा."

रामराव कागद बघत राहिले. ती पुन्हा म्हणाली, "साहेब?"

उत्तर नाही. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली. "साहेब!"

ते दचकले. "हां, बोला ना!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं तो माणूस त्या खोलीत सगळ्यांत मोठ्यानं ओरडत आला होता. रामरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग, तिला माहीत असलेल्या त्यांच्या आवाजांपैकी सगळ्यांत लहान आवाजात, म्हणाले, "तिथं नंबर किती वाजता लागतो? माझी पण चिठ्ठी काढून ठेवा."

शेठजींना पटायला तीन आठवडे लागले. दोनदा नाही म्हणाले, खर्च सांगितला, जागा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा रामराव स्वतःचा कागद घेऊन गेले. दिवाळीनंतर ऑफिस गेटजवळच्या जुन्या पाहुण्यांच्या खोलीत हललं. दोन खिडक्या, बाहेर कडुनिंब, बाथरूम शेजारीच. दैवशालाला फोनवरून काढलं आणि ट्रकांचं वेळापत्रक लावायचं काम दिलं. काम वरचं होतं, पण फोन गेल्याचं तिला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं कुणाला सांगावंसं वाटलं तो टपरीवर नव्हता. महिनाभर नव्हता.

शेवटी तिनंच मेसेज केला. *चार वाजता चहा. प्रश्न क्रमांक ३०.*

तो आला. सवयीनं वळसा घालून डावीकडे आला आणि बाकापाशी थांबला. "बसू का?"

"बसा. राग अजून हाय माझा. थोडा."

"किती? एक ते पाचमध्ये?"

"दोन." तिनं एक कागद पुढं केला. सातही जणांनी लिहून दिलं होतं, आमची माहिती प्रबंधात वापरा. उशीच्या वाक्याखाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, पूर्ण, गावासकट. त्यानं ते वाचलं आणि मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"हे नसतं केलंत तरी मी—"

"तुमच्यासाठी न्हाई केलं," ती घाईनं म्हणाली. मग ग्लासाकडे बघत, "थोडं तुमच्यासाठी."

समोरून एक ट्रक धूळ उडवत गेला. ती तो जाईपर्यंत थांबली. "सर... डावा पण गेला तर? जपा म्हणालेत डॉक्टरीणबाई, पर गेलाच तर? माणसानं किती दिवस वळसे घालायचे?"

"भीती मलाही वाटते," वरद म्हणाला. त्यानं खोटा धीर दिला नाही, हेच तिला आवडलं. "आईला सांगून झालंय माझं."

"काय सांगितलं?"

"की एक मुलगी आहे, तिला एका कानानं कमी ऐकू येतं, आणि तिच्यापायी माझं वर्ष बुडता बुडता राहिलं."

"आन आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मला काय सांगतोस? तिला विचार."

"मंग इचारा की."

त्यानं तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं. तेवढ्यात चहाची वेळ संपल्याची घंटा झाली आणि बेबीनंदाताईंनी दुरून तिला हाक मारली. "आज नको," तो कसनुसं हसत म्हणाला, "ह्या घंटेच्या गोंधळात नको. उद्या येतो." ती रात्र... आणि दुसरी सकाळ... तिला कशी गेली ते विचारू नये. त्यानं विचार बदलला तर? आईनं बदलला तर?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो नव्या ऑफिसात आला, आवाज मोजायचं यंत्र घेऊन. एकावन्न भरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र पिशवीत घालत तो तिच्या टेबलाशी आला, डाव्या बाजूनं वाकला आणि अगदी हळू, फक्त तिलाच ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

आता, तीन वर्षं त्या पत्र्याच्या खोलीत काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. सवय जात नाही.

"हो! करते की लग्न!" दैवशाला अशी ओरडली, की गेटवरच्या वॉचमननं पण मान वळवली.

खोलीत क्षणभर टाचणी पडली असती तर... जाऊ द्या, ती कुणाला ऐकू आली असती? मग बेबीनंदाताईंनी हातातला कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वरद कानशिलापर्यंत लाल झाला होता.

"काय झालं?" कोपऱ्यातून रामराव ओरडले. "कुठला ट्रक?"

"ट्रक न्हाई साहेब, लगीन!"

रामराव उठून आले. आधी तिच्याकडे बघितलं, मग वरदकडे, चांगलं निरखून. "घरी सांगितलं का?"

तिचं हसू थबकलं. आष्टी. बापू. ओसरी. सगळं एकदम छातीत गोळा झालं. वरदनं टेबलाच्या आड तिचा हात धरला, आणि तिनं दुसऱ्या हातानं फोन लावला. डाव्या कानाला. तिकडे वारा ऐकू येत होता, आणि कुणीतरी बैलाला हाकत होतं.

"आई," ती म्हणाली, "बसलीस का उभी हायस?"

"उभीच हाय. कापूस वेचून राह्यले. का गं?"

"मंग बस जरा," दैवशाला म्हणाली.